जिस्टची गाठ : गोळी कुणाला, किती वर्षे, आणि मधेच का सोडायची नाही

या वेळच्या सदरात एकाच आजारावरची पत्रे घेतली आहेत. जिस्ट हा पचनमार्गाच्या भिंतीत होणारा दुर्मीळ कर्करोग. दर दहा लाख माणसांत वर्षाला साधारण दहा-पंधरा जणांना तो होतो, त्यामुळे घरच्यांना माहितीचे माणूस सहज सापडत नाही. उत्तरे कर्करोगतज्ज्ञ, औषधनिर्माते आणि आहारतज्ज्ञ यांनी मिळून लिहिली आहेत. पत्रांतली नावे काढली आहेत.

वडिलांचे वय ५८. डांबरासारखी काळी शौच होऊ लागली, हिमोग्लोबिन ६ वर आले. दुर्बिणीत जठरात गाठ दिसली, पण तुकड्याचा रिपोर्ट 'कर्करोग नाही' असा आला. तरी ऑपरेशन करून ७ सेंटिमीटरची गाठ काढली आणि आता रिपोर्टात 'जिस्ट, सीडी ११७ पॉझिटिव्ह, मायटोसिस ३' लिहिले आहे. एक डॉक्टर कर्करोग म्हणतात, पाहुण्यातले दुसरे म्हणतात साधी गाठ. केमो द्यायची का? — कागल

दोन्ही रिपोर्ट खरे आहेत. जठराचा नेहमीचा कर्करोग आतल्या अस्तरात सुरू होतो, म्हणून दुर्बिणीतून चिमटीने घेतलेल्या तुकड्यात सापडतो. जिस्ट अस्तराखालच्या स्नायूच्या थरात वाढते. वरचे अस्तर पुष्कळदा धडधाकट असते आणि चिमटीत तेवढेच येते. अशा वेळी दुर्बिणीच्या टोकाला सोनोग्राफी असलेले यंत्र वापरून, जठराच्या आतूनच सुई गाठीत घालून नमुना घेतात. पोटाच्या कातडीतून सुई घालण्यापेक्षा हा मार्ग बरा, कारण ही गाठ मऊ आणि रक्ताने भरलेली असते. फुटली तर तिच्या पेशी पोटभर पसरतात.

आतड्यांना लयीत हलवणाऱ्या काही पेशी असतात. सांतियागो रामोन इ काहाल या स्पॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्यांना काहाल पेशी म्हणतात. जिस्टचे मूळ या पेशींत किंवा त्यांच्या पूर्वज पेशींत असते. बहुतेक रुग्णांत 'किट' नावाच्या जनुकात बिघाड होतो आणि पेशीला 'वाढ' म्हणून सांगणारे बटण दाबलेलेच राहते. जपानी संशोधकांनी १९९८ साली हे दाखवून दिले, आणि या आजाराचे सगळे उपचार त्यावरच उभे आहेत. सीडी ११७ ही त्याच किट प्रथिनाची खूण. ती पॉझिटिव्ह असणे म्हणजे आजार वाढला असे नाही, गाठीची ओळख पटली एवढाच त्याचा अर्थ.

केमो नको. नेहमीच्या केमोने जिस्ट हलत नाही, आणि शेक (रेडिएशन) देण्याचा उपयोगही क्वचितच होतो. कुणी घाईने नेहमीची केमो सुचवली तर आधी जिस्ट पाहिलेल्या केंद्रात दुसरे मत घ्या.

'कर्करोग की साधी गाठ' या वादात वेळ घालवू नका. जिस्ट पुन्हा उद्भवण्याचा धोका किती, हे विचारायचे असते आणि तो चार गोष्टींवर ठरतो : गाठीची लांबी, ५ चौरस मिलिमीटरमध्ये विभागताना दिसलेल्या पेशी (हाच तो मायटोसिसचा आकडा), गाठ कुठे होती, आणि ती ऑपरेशनच्या आधी किंवा ऑपरेशनमध्ये फुटली का. जठरात ५ ते १० सेंटिमीटर आणि मायटोसिस ५ पर्यंत असेल, तर आजार पुढे वाढण्याची शक्यता शंभरात साधारण चार. तेवढीच गाठ, तेवढाच मायटोसिस, पण जागा लहान आतड्याची असती तर हा आकडा शंभरात चोवीसवर गेला असता. म्हणून पाहुण्यातल्या कुणाच्या गाठीशी आपल्या गाठीची तुलना नुसत्या सेंटिमीटरवरून करू नये.

गाठ न फुटता, कडा स्वच्छ ठेवून निघाली असेल तर वडिलांना इमॅटिनिबची, म्हणजे किटचे ते बटण बंद करणाऱ्या गोळीची, गरज बहुधा पडणार नाही. ऑपरेशनच्या नोंदीत 'रप्चर' हा शब्द आहे का तेवढे सर्जनांकडून स्पष्ट करून घ्या. तो असेल तर वरचा सगळा हिशेब बदलतो आणि धोका वरच्या गटात जातो. आसपासच्या लसीका ग्रंथी काढल्या नाहीत म्हणून ऑपरेशन अर्धवट झाले असे समजू नका. ही गाठ ग्रंथींत क्वचितच जाते. पुढे पाच वर्षे, दर सहा ते बारा महिन्यांनी पोटाचा सीटी स्कॅन करावा.

रक्त भरून निघेपर्यंत लोहाच्या गोळ्या चालतील. त्यांनीही शौच काळपट होते, पण ती नेहमीसारखी घट्ट असते. चिकट, चकाकती, उग्र वासाची काळी शौच पुन्हा झाली, किंवा उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक स्वतःच्या मनाने घेऊ नयेत.

दुर्बिणीत योगायोगाने १.२ सेंटिमीटरची गाठ दिसली, जिस्ट असावी म्हणतात. काहीच त्रास नाही. काढून टाकू का? — जयसिंगपूर

जठरात २ सेंटिमीटरच्या आतली, कडा गुळगुळीत असलेली आणि रक्त न येणारी गाठ असेल तर सहसा थांबून पाहतात. दुर्बिणीची सोनोग्राफी करून मोजमाप लिहून ठेवा, सुरुवातीला सहा महिन्यांनी आणि मग वर्षाने पुन्हा मोजा. वाढली, कडा वेड्यावाकड्या झाल्या किंवा आत पोकळी दिसली तर काढावी. हीच गाठ लहान आतड्यात किंवा गुदाशयात असती तर थांबण्याचा सल्ला आम्ही दिला नसता.

आईच्या लहान आतड्यातली ११ सेंटिमीटरची गाठ काढली, मायटोसिस ९. पाच महिने इमॅटिनिब ४०० चालू आहे. सकाळी डोळे सुजतात, रात्री पोटऱ्यांत वांब येतात, मळमळ होते, कातडी उजळ झालीय. शेजारच्या बायका 'काय लावता तोंडाला' म्हणून विचारतात, तिला ते नकोसे होते. गाठ तर काढली आहे. मग एक दिवसाआड गोळी दिली तर चालेल का? — इचलकरंजी

नाही. तुमच्या आईंची गाठ वरच्या धोक्याच्या गटातली आहे. अशा गाठी औषधाविना बहुतेक वेळा परत येतात. डोळ्यांना दिसणारी गाठ सर्जनने काढलेली असते. न दिसणाऱ्या पेशी दाबून ठेवणे हे गोळीचे काम. वरच्या धोक्याच्या रुग्णांत एक वर्ष गोळी आणि तीन वर्षे गोळी अशी तुलना उत्तर युरोपातल्या आणि जर्मनीतल्या रुग्णालयांनी केली. २०१२ साली तिचे निकाल आले. पाच वर्षांनी, तीन वर्षे गोळी घेतलेल्यांपैकी शंभरात ९२ जण हयात होते, एक वर्ष घेतलेल्यांपैकी ८२. तेव्हापासून किमान तीन वर्षे हा पायंडा पडला आहे. एक दिवसाआड घेतल्यावर रक्तातले औषध दर दुसऱ्या दिवशी खाली येते आणि पेशींना डोके वर काढायला जागा मिळते.

त्रास खरा आहे आणि त्यातला बराचसा कमी करता येतो. एकेक घेऊ.

मळमळ बहुतेकदा गोळी रिकाम्या किंवा अर्धपोटी घेतल्याने होते. चहा-बिस्किटावर ही गोळी घेऊ नका. दिवसातले सगळ्यात भरपूर जेवण कोणते ते पाहा आणि त्याच्या मधोमध गोळी घ्या : अर्धी भाकरी खाल्ली, गोळी घेतली, उरलेली भाकरी खाल्ली. सोबत पेलाभर, म्हणजे साधारण २०० मिलिलिटर पाणी हवेच. औषध जठराच्या अस्तराला टोचते, पाण्याने ते पातळ होते. त्यानंतर तासभर आडवे होऊ नये. म्हणून झोपण्यापूर्वी गोळी घेणे बहुतेकांना बाधते, दुपारचे जेवण सोयीचे पडते. गिळताना उमासे येत असतील तर ४०० ची गोळी २०० मिलिलिटर पाण्यात टाकून चमच्याने ढवळा, विरघळली की लगेच प्या, आणि पेला पुन्हा पाण्याने विसळून तेही प्या. ठेवून देऊ नका. गोळी घेतल्यावर उलटी झाली तर त्या दिवशी दुसरी गोळी घ्यायची नाही. विसरलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर जेवणासोबत घ्या. दुसऱ्या दिवशी आठवली तर सोडून द्या. दोन एकदम कधीही नाहीत.

डोळ्यांखालची सूज सकाळी जास्त आणि दुपारपर्यंत कमी होते. उशीखाली आणखी एक उशी घ्या, आणि पापड, लोणचे, खर्डा, खारवलेली मिरची, दुकानातला भडंग हे आवरा. सूज मिठाने वाढते. दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच वजनकाट्यावर वजन करून वहीत लिहा. आठवड्यात दोन किलोच्या वर वाढ, पायांवर दाबल्यावर खळगा, चालताना धाप, यांतले काही दिसले तर डॉक्टरांना लगेच दाखवा, कारण पाणी छातीतही साठू शकते. लघवीची गोळी स्वतः होऊन सुरू करू नये.

पोटऱ्यांतल्या वांबांसाठी कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि फॉस्फेट तपासा. या औषधावर फॉस्फेट उतरते. झोपण्यापूर्वी भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणण्याचा पाच मिनिटांचा व्यायाम बऱ्याच जणींना उपयोगी पडतो.

कातडी उजळणे हा किट जनुकाचाच परिणाम आहे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींनाही तेच किट लागते आणि गोळी ते सगळीकडेच बंद करते. आपल्यासारख्या सावळ्या माणसांत ते जास्त दिसते. औषध थांबल्यावर रंग बहुतेक परत येतो. उन्हात डोक्यावरून पदर आणि छत्री हवी. शेजारणींना काय सांगायचे ते आईंनी ठरवावे, पण त्यांनी स्वतः मात्र हे जाणून असावे की औषध अंगात काम करत असल्याने हे होते आहे.

रक्ताची तपासणी पहिला महिना दर आठवड्याला, दुसरा महिना पंधरवड्याला, मग दोन-तीन महिन्यांनी. पांढऱ्या पेशी आणि यकृत यांवर लक्ष ठेवायचे असते. ताप ३८ अंश सेल्सियसच्या वर गेला तर घरी पॅरासिटामॉल देत बसू नका. गोळी सुरू करण्यापूर्वी 'ब' प्रकारच्या काविळीची तपासणी झाली होती का ते फाईलमध्ये पाहा. शरीरात सुप्त पडलेला हा विषाणू या औषधाने जागा होऊ शकतो. आई थायरॉईडची गोळी घेत असतील तर टीएसएच वरचेवर पाहावे, मात्रा वाढवावी लागते.

एवढे करूनही सोसत नसेल तर डॉक्टर काही दिवस थांबवून मग ३०० मिलिग्रॅमवर आणतील. बेतलेली घट आणि घरी केलेली दांडी यांत फार फरक आहे. आणि लहान आतड्याची गाठ असल्यामुळे, पुढच्या पत्राचे उत्तरही जरूर वाचा.

'जनुकाची तपासणी करा' असे मुंबईत सांगितले. इथले डॉक्टर म्हणतात गोळी सुरू करू, तपासणीने काय फरक पडतो? ब्लॉक आणायला सांगितलाय, तो काय असतो? — आजरा

फरक पडतो. सगळ्या जिस्ट एका गोळीला सारख्या दबत नाहीत.

किट जनुकातला बिघाड एक्सॉन ११ मध्ये (एक्सॉन म्हणजे जनुकाचा क्रमांक दिलेला तुकडा) असेल तर इमॅटिनिब ४०० सगळ्यात चांगले लागू पडते, आणि सगळ्यात जास्त रुग्ण याच गटातले. एक्सॉन ९ मध्ये असेल (लहान आतड्याच्या गाठींत हे जास्त दिसते) तर पसरलेल्या आजारात ४०० ऐवजी ४०० दोनदा, म्हणजे दिवसाला ८०० पर्यंत न्यावे लागते. दुसरे जनुक पीडीजीएफआरए. त्याच्या एक्सॉन १८ मध्ये डी-८४२-व्ही नावाचा बदल असेल तर इमॅटिनिबचा उपयोग जवळजवळ शून्य. त्या माणसाने तीन वर्षे सूज, मळमळ आणि खर्च सोसायचा आणि हाती काही नाही. त्यासाठी ॲव्हाप्रिटिनिब हे वेगळे औषध आहे, अमेरिकेत त्याला २०२० साली मान्यता मिळाली. किट आणि पीडीजीएफआरए दोन्ही ठीक निघाले तर एसडीएचबी नावाची रंगचाचणी करायची, गाठ एसडीएच या वेगळ्या प्रकारची आहे का ते तिने कळते.

ऑपरेशन होऊन गेले असेल तर दोन-चार आठवडे थांबल्याने सहसा बिघडत नाही. गाठ अजून पोटात असेल आणि आधी गोळीने आटवून मग काढायची असेल, तर तपासणी गोळीच्या आधीच हवी. नंतर गाठीत जिवंत पेशी थोड्या उरतात आणि तपासणी वाया जाऊ शकते.

ब्लॉक म्हणजे गाठीचा तुकडा मेणात बसवलेली बोटाच्या पेराएवढी वडी. ज्या पॅथॉलॉजीत रिपोर्ट झाला तिथेच ती ठेवलेली असते. रुग्णाचे ओळखपत्र, मूळ रिपोर्टाची प्रत आणि मागणीचे पत्र घेऊन जा. पुष्कळ गाठी असल्या की बरेच ब्लॉक असतात. 'ज्यात गाठीच्या पेशी सगळ्यात जास्त तो एक ब्लॉक आणि त्याची एक रंगवलेली काचपट्टी द्या' असे सांगा. ब्लॉकवरचा क्रमांक रिपोर्टातल्या क्रमांकाशी तिथेच जुळवून पाहा आणि मोबाईलवर फोटो काढा. नेताना कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत ठेवा. मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत ही डबी ठेवू नका, मेण साठ अंशांच्या आसपास वितळते. मुंबईला पाठवून दिलेला ब्लॉक परत मागून घ्या. पुढे औषध बदलायची वेळ आली तर तोच लागतो.

अर्जावर 'किट ९, ११, १३, १७ आणि पीडीजीएफआरए १२, १४, १८' एवढे एक्सॉन लिहिलेले आहेत का ते पाहा. नुसते ११ तपासून 'निगेटिव्ह' दिलेला रिपोर्ट अपुरा आहे.

ऊस, गूळ, तांबडा रस्सा बंद करायला सांगतात. नवरात्राचे नऊ दिवस उपवास असतात, तेव्हा गोळी बंद ठेवू का? — कसबा बावडा

गोळी बंद ठेवायची नाही. साबुदाण्याची खिचडी किंवा वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी हे जेवण पुरेसे आहे, त्याच्या मधोमध गोळी घ्या. निर्जळी उपवास या तीन वर्षांत करू नयेत.

गूळ खाल्ल्याने गाठ वाढते याला आधार नाही. पण जठराचा मोठा भाग काढला असेल तर उसाचा पेलाभर रस थेट आतड्यात उतरतो आणि पाव तासात घाम, धडधड, चक्कर, जुलाब होतात. त्यांनी रस टाळावा, थोडे-थोडे सहा वेळा खावे, आणि जेवताना घटाघटा पाणी पिऊ नये. गोळीचे पाणी त्यांनी वीसेक मिनिटांत घोटाघोटाने संपवावे. जठर पूर्ण काढले असेल तर बी-१२ पोटातून शोषले जात नाही, त्याचे १००० मायक्रोग्रॅमचे इंजेक्शन साधारण दर महिन्याला, जन्मभर. दोन-तीन वर्षे काही होत नाही म्हणून लोक ते सोडतात, कारण यकृतात साठा असतो; तो संपला की पायांना मुंग्या येऊ लागतात आणि तोवर नसांना इजा झालेली असते.

रस्सा सोसत असेल तर खा, फक्त वरचा कट बाजूला काढा. तेलकटाने मळमळ वाढते. पांढऱ्या पेशी कमी असतील तेव्हा कट्ट्यावरचे धारोष्ण दूध नको, उकळूनच प्या. एक फळ मात्र पूर्ण बंद : पपनस. ग्रेपफ्रूट ही पपनसाचीच संतती आहे, आणि दोन्हींतले द्रव्य औषध मोडणारे एन्झाइम अडवते, त्याने रक्तात गोळीचे प्रमाण चढते. मोसंबी, संत्रे, लिंबू चालते.

मिस्टरांच्या यकृतात गाठी आहेत. दोन वर्षे इमॅटिनिब चालू आहे. आता स्कॅनमध्ये एक गाठ ४ वरून ४.६ झाली लिहिलेय. घरात सगळे म्हणतात औषध लागू नाही, बंद करा आणि झाडपाल्याचे घेऊ. काय करावे सुचेना. — राधानगरी

ताई, गोळी आज बंद करू नका. आधी तो स्कॅन नीट वाचून घ्या.

जिस्ट औषधाने मरते तेव्हा आक्रसतेच असे नाही. आतून ती पाण्यासारखी पातळ होते, कधी आत रक्तस्राव होऊन आकाराने फुगते. म्हणून नुसते सेंटिमीटर मोजून फसगत होते. सीटीमध्ये गाठीची घनता हाउन्सफील्ड एककात मोजतात. घनता १५ टक्के किंवा लांबी १० टक्के कमी झाली तरी तो चांगला प्रतिसाद धरतात. तुमच्या रिपोर्टात घनता लिहिली नसेल तर रेडिओलॉजिस्टना लिहून द्यायला सांगा. जुन्या सगळ्या सीडी सोबत न्या, फक्त कागद नकोत. स्कॅन शक्यतो एकाच ठिकाणी, शिरेतून औषध देऊन करावा. जागा बदलली की मोजमापही बदलते. काळजी करण्यासारखी खूण वेगळी आहे : काळ्या, शांत झालेल्या गाठीच्या आत नव्याने उजळलेला छोटा गोळा, किंवा अगदी नवी गाठ.

वाढ खरी ठरली तर पहिला प्रश्न : गोळ्या रोज पोटात जातात का? रिकाम्या पट्ट्या मोजा. दुसरा प्रश्न : मधे काही नवे औषध सुरू झाले का? क्षयाचे रिफॅम्पिसिन, फिटचे फेनिटॉइन, कार्बामाझेपिन यांनी इमॅटिनिब रक्तातून लवकर निघून जाते आणि गोळी घेऊनही न घेतल्यासारखे होते. उलट, बुरशीवरचे इट्राकोनॅझोल किंवा क्लॅरिथ्रोमायसिन यांनी ते चढते. दवाखाना कुठलाही असो, प्रत्येक डॉक्टरांना गोळीची पट्टी दाखवा.

हे दोन्ही ठीक असेल आणि एकच गाठ वाढत असेल तर तेवढी काढणे किंवा जाळणे शक्य असते, बाकीच्या गाठींसाठी गोळी तीच राहते. बऱ्याच वाढत असतील तर मात्रा ८०० करतात किंवा सुनिटिनिब देतात, तेही न चालल्यास रेगोराफेनिब १६० मिलिग्रॅम (तीन आठवडे चालू, एक आठवडा बंद), त्यापुढे रिप्रेटिनिब. सुनिटिनिबवर रक्तदाब आणि थायरॉईड पाहावे लागते. रेगोराफेनिबने तळहात-तळपाय सोलवटतात. सुरू करण्याआधीच टाचांची जाड कातडी काढून घ्या, युरियाचे मलम लावा, आणि शेतात अनवाणी जाणे थांबवा.

झाडपाल्याबद्दल स्पष्टच लिहितो. पसरलेल्या जिस्टमध्ये इमॅटिनिब चांगले चालू असताना थांबवून पाहिलेल्या फ्रान्समधल्या रुग्णांत बहुतेकांची गाठ वाढू लागली. गुळवेलीच्या काढ्याने यकृताला इजा झाल्याची प्रकरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली नोंदवली आहेत, आणि मिस्टरांच्या यकृतावर आधीच भार आहे. घरातली माणसे मायेपोटीच बोलत असतात. त्यांतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला पुढच्या भेटीला डॉक्टरांसमोर घेऊन बसा आणि जुना व नवा स्कॅन शेजारी-शेजारी दाखवायला सांगा. हेलसिंकीत मार्च २००० मध्ये ज्या बाईंना जिस्टसाठी ही गोळी पहिल्यांदा दिली, त्यांच्याही यकृतात गाठी पसरलेल्या होत्या आणि त्या काही आठवड्यांतच आटल्या. त्याआधी या टप्प्यावर डॉक्टरांच्या हाती देण्यासारखे काही नव्हते.

वय २९. जठरातल्या जिस्टनंतर गोळी चालू आहे, दीड वर्ष झाले. सासरचे मुलाचे बघा म्हणतात. — गडहिंग्लज

गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नका. बाळात व्यंग येण्याचा धोका आहे. गोळी चालू असेपर्यंत आणि शेवटच्या गोळीनंतर किमान पंधरा दिवस गर्भनिरोधन पक्के हवे. स्तनपानही चालत नाही. तीन वर्षे पूर्ण करून मग बाळाचा विचार करणे सगळ्यात सुरक्षित.

तुमच्या वयाकडे पाहून एक गोष्ट आधी कराविशी वाटते. तरुण मुलींत जठराची जिस्ट पुष्कळदा एसडीएच प्रकारची असते. ती हळू वाढते, एकापेक्षा जास्त ठिकाणी होते, ग्रंथींत जाते, आणि इमॅटिनिबला सहसा दाद देत नाही. जुन्या ब्लॉकवर एसडीएचबी चाचणी झाली नसेल तर या महिन्यातच करून घ्या. ती गाठ त्या प्रकारची निघाली तर गोळीचाच फेरविचार होईल, आणि हा बदल घराण्यातून येऊ शकत असल्याने बाळाआधी जनुकीय सल्लाही लागेल. सासरच्यांना सांगायला एवढे पुरेसे आहे की डॉक्टरांनी तारीख दिली आहे.

तीन वर्षे गोळी घ्यायची तर खर्च कसा झेपवायचा? आणि पुरात रस्ते बंद झाले की औषध कुठून आणायचे? — शिरोळ

इमॅटिनिबवर मूळ कंपनीने मागितलेले पेटंट सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी नाकारले, म्हणून भारतीय कंपन्यांच्या जेनेरिक गोळ्या इथे मिळतात आणि त्या मूळ गोळीच्या मानाने फार स्वस्त आहेत. कंपनीगणिक छापील किमतीत मोठा फरक असतो. दोन-तीन दुकानांत आणि जनऔषधी केंद्रात विचारा, पण बिल आणि बॅच क्रमांकाशिवाय घेऊ नका, आणि एकदा सोसलेली कंपनी उगाच बदलू नका.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचे उपचार मिळतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो. शिधापत्रिका, आधार आणि जिस्टचा मूळ रिपोर्ट घेऊन ऑपरेशनच्या आधी जा. आधी पैसे भरून मग योजना लावायला गेलेली माणसे अडकतात. गोळीसाठी वेगळी मंजुरी लागते का तेही तिथेच विचारा. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, इथून चौकशी सुरू करता येते. धर्मादाय विश्वस्त संस्थांच्या रुग्णालयांत कायद्याने १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात, तिथल्या समाजसेवकाला भेटा. फ्रेंड्स ऑफ मॅक्स हा जिस्ट आणि रक्ताच्या एका कर्करोगाच्या रुग्णांचा गट भारतात काम करतो. आपल्यासारखेच दुसरे कुणी भेटणे या आजारात फार मोलाचे आहे.

मुंबईला टाटा रुग्णालयात जाताना रेल्वेची सवलत घ्या : उपचारासाठीच्या प्रवासात कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री टियर एसीत पूर्ण माफी, सोबतच्या एकाला ७५ टक्के. रुग्णालयाकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्यावा लागतो.

पुराचे म्हणाल तर, २०१९ आणि २०२१ साली शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि बाहेरून येणारे सगळेच थांबले. पंधरा जूनच्या आत एका महिन्याच्या जादा गोळ्या आणून ठेवा. नेहमीच्या पट्ट्या संपत आल्यावर धावपळ करण्यापेक्षा जुनी पट्टी आधी आणि नवी मागे असा क्रम लावा. गोळ्या पट्टीतून काढू नका, ओल लागते. पट्ट्या, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, शेवटचा रिपोर्ट आणि स्कॅनची सीडी झिपच्या दुहेरी पिशवीत घालून घरातल्या सगळ्यात उंच फळीवर ठेवा, आणि घर सोडायची वेळ आली तर ती पिशवी रुग्णाच्या हातात द्या, सामानात टाकू नका. छावणीत जेवण मिळायला उशीर झाला तरी जे पहिले पोटभर जेवण मिळेल त्याच्यासोबत, उकळलेल्या पाण्याने, त्या दिवशीची गोळी घ्यायची.